पुळणीवर पळताना कानात काय?

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी पळायला लागून मला तीन वर्षं झाली. ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत. पण कोकणातली दमट हवा! दहा मिनिटांत डोकं घामाने निथळतं आणि कानात खोल बसणारे, रबरी बोंडांचे इयरफोन सुळकन बाहेर येतात. शिवाय कान पूर्ण बंद झाल्यामुळे आपल्याच पावलांची धपधप डोक्यात घुमते.

म्हणून आता मी कानामागून आकडा जाणारे, कान उघडा ठेवणारे घेतले. समुद्राची गाज ऐकू येते, आणि पुलावरून घरी परतताना मागून आलेली एसटीही. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खोक्यावर पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो: 'आयपीएक्स ४' म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, '७' म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली. खाऱ्या हवेने माझ्या पहिल्या जोडीचे चार्जिंगचे ठिपके हिरवे पडले. आता घरी आलं की ओल्या फडक्याने पुसते, कोरडे करते, मगच डबीत.

फोन नेत नाही. खिशात तो हिंदकळतो, दंडावर बांधला तर पट्ट्याखाली घामोळं येतं. काडेपेटीएवढा ब्लूटूथवाला प्लेअर कमरेला चिमट्याने लावते. त्यात नाट्यगीतं आहेत आणि आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या. त्यांना पळण्याचा ताल नाही, पण शेवटी सुरूबनापर्यंत चालताना त्याच लावते.