पाय गुणिले एक कोटी

वर्षात सेकंद किती? आमच्या १९९९-२००० च्या दहावीच्या तुकडीतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर येईल: पाय गुणिले एक कोटी. पाय म्हणजे वर्तुळाच्या गणितातला π, ३.१४१५९ वगैरे. वर्ष म्हणजे ३६५ दिवस आणि वर पाव दिवस. त्यामुळे खरा आकडा ३,१५,५७,६००, पायने येणारा ३,१४,१५,९२७. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वर्तुळाचा आणि वर्षाचा इथे काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, हे गणिताच्या सरांनी बजावलं होतं. तो वापरायला मात्र त्यांची ना नव्हती. ‘आधी शून्यं मोजा, आकडे मग,’ म्हणायचे.

त्या ऑक्टोबरात अहमद झेवाईल यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. रेणूंमधले बंध तुटता-जुळताना त्यांनी फेम्टोसेकंदांच्या लेसर झोतांनी टिपले होते. सर कात्रण घेऊनच वर्गात आले. एकावर पंधरा शून्यं, सेकंदाचे तेवढे भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. शून्यं फळ्यावर मावली, डोक्यात काही शिरेनात.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी सरांनी आम्हाला पर्वतीवर नेलं. पायऱ्या चढून आम्ही धापा टाकतोय, तोवर प्रश्न आलाच. ‘हा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. सेकंदांत सांगा.’ कागद-पेन काढायचं नाही. साडेसहा गुणिले पाय, म्हणजे वीसच्या आसपास. वर्षांच्या कोटीची सात शून्यं, सेकंदांच्या कोटीची सात, झाली चौदा. वीसवर चौदा म्हणजे दोनावर पंधरा. मागून कोणीतरी ओरडलं, ‘सर, ही तर परवाचीच पंधरा!’ दख्खनचा लाव्हा थिजल्यापासून जेवढे सेकंद गेले, जवळपास तेवढेच फेम्टोसेकंद दोन सेकंदांत उडून जातात. सर फक्त ‘एक, दोन’ म्हणाले आणि आमच्याकडे बघत राहिले.

पुढे एका मुलीने पंचांगातली घटी-पळं वर्गात आणली. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. सगळं साठाच्या पटीत. सर बेहद्द खूश.

मी आता हिंजवडीत सर्व्हरच्या नोंदी वाचतो. संगणकात वेळ बहुतेक ठिकाणी १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, काही ठिकाणी मिलिसेकंदांत, आणि सगळी भांडणं तिथेच. रिपोर्टात सगळ्या तारखा जानेवारी १९७० च्या दिसल्या, की सेकंदांचा आकडा कोणीतरी मिलिसेकंद समजून वाचलाय. १७० कोटी सेकंद म्हणजे चोपन्न वर्षं. तेवढेच मिलिसेकंद म्हणजे पुरते वीस दिवसही नाहीत. उलटं झालं तर साल पन्नास हजारांच्या पुढे! टीममधली पोरं कन्व्हर्टर उघडेपर्यंत माझं उत्तर तयार असतं. जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत २१४ कोटी सेकंदच मावतात. पायने भागा, अडुसष्ट वर्षं आली. १९७० अधिक ६८ म्हणजे २०३८. त्या वर्षी १९ जानेवारीला ती मोजणी संपते.

आमच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. ती त्या मोजणीत मावलीच नसती. सरांच्या पद्धतीने ती २३५ कोटी ६२ लाख सेकंद होतात, खरी २३६ कोटी ६८ लाख. तूट कोटीभराची, म्हणजे चार महिन्यांची. एवढ्यासाठी सर गुण कापायचे नाहीत, लाल पेनने शेजारी एक टिंब तेवढं द्यायचे.