खोंड प्रदर्शनाला न्यायचा, तर घोडं अडतं दाखल्यापाशी

खिलार खोंड प्रदर्शनात उतरवायचा म्हटलं की पोरं सगळ्यात आधी खुराकाचं विचारतात. भरडा किती, सरकी पेंड किती, उडीद चालतो का. विचारावंच, पण आमच्या पोरांचा खोंड अडला तो खुराकावर नव्हे, आरोग्य दाखल्यावर. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

जनावर निरोगी आहे आणि प्रवासाला योग्य आहे, असं पशुवैद्यकाने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद म्हणजे हा दाखला. प्रदर्शनाच्या नोंदणी टेबलावर तो मागतात आणि वाटेत गाडी अडवली तरी तोच पुढे करावा लागतो. त्यावर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा, म्हणजे टॅगचा, बारा आकडी नंबर येतो. नंबर सांगितला की दवाखान्यात तो ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या नोंदीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत टाकून बघतात. गाडं रुततं ते इथे.

आमच्या खोंडाला लम्पीची, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाची, लस शिबिरात टोचलेली होती. टोचणाऱ्याने वहीत लिहिलं, पण प्रणालीत चढवलंच नाही. पडद्यावर लसीचा रकाना कोरा. ‘नोंद नाही म्हणजे लस नाही,’ असं सरळ उत्तर मिळालं. बरं, पुन्हा टोचून घ्यावी तर टोचल्यापासून 28 दिवस जनावर हलवायचं नाही, असं लम्पीच्या साथीपासून सांगतात, आणि प्रदर्शन भरतं ती यात्रा त्याच्या आतच होती. शिबिरवाले म्हणतात, दवाखान्यात जा. दवाखान्यातले म्हणतात, ज्याने टोचली त्याच्याकडून चढवून आणा. ज्याने टोचली तो दुसऱ्या गावच्या शिबिरात, आणि तिथे रेंज नाही. जनावराला रोग नाही हे सगळ्यांना दिसतंय, पण कागद कोणी हलवत नाही.

हे सुटलं ते वहीमुळे. लसीकरणाच्या वहीत जनावराचा टॅग नंबर, लसीची तारीख आणि बाटलीवरचा बॅच नंबर असेल तर तीच नोंद मागच्या तारखेची म्हणून चढवायला सांगता येते. नुसतं ‘खोंड 1’ असं लिहिलेलं असेल तर हातात काहीच नाही. म्हणून शिबिरातच, जनावर खोड्यात (टोचताना अडकवायच्या चौकटीत) उभं असताना, टॅग नंबर मोठ्याने वाचून वहीत लिहायला लावा, पानाचा फोटो काढा आणि दोन-चार दिवसांनी नोंद चढली का ते विचारा. पोरांना लाज वाटते साहेबांना हे सांगायची. वाटू देऊ नका.

दुसरी गाठ मालकाच्या नावाची. खोंड बाजारातून घेतलेला असेल तर टॅग जुन्या मालकाच्या नावावर आणि त्याच्याच मोबाइलवर नोंदलेला असतो. नाव बदलून घ्यायला खरेदीची पावती लागते. बाजार समितीच्या पावतीवर बहुतेक वेळा ‘खिलार खोंड, कोसा, आदत’ एवढंच वर्णन असतं; कोसा हा रंगाचा प्रकार आणि आदत म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला. त्या वर्णनाचे बाजारात शंभर खोंड सापडतील. पावती फाडतानाच टॅग नंबर लिहून घ्या आणि विकणाऱ्याचा फोन नंबर ठेवा. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे नंबर नाही ही सबब आता कोणी सांगू नये.

यात आणखी एक मेख असते. नोंदणी अर्ज पोराच्या नावाने भरायचा उत्साह असतो आणि टॅग बापाच्या नावावर. टेबलावर दोन नावं जुळली नाहीत की रांगेतून बाहेर. अर्जावर मालक म्हणून टॅगवरचंच नाव घाला. पोराचं नाव सांभाळणारा किंवा फिरवणारा म्हणून घाला. रिंगणात कासरा पोराच्याच हातात असतो, टाळ्या त्यालाच मिळतात.

सही कोणाची, हेही आधी बघा. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक लस टोचतात, मलमपट्टी करतात, पण दाखल्यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही लागते. एकेका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा कार्यभार असतो, तेव्हा गाडी भरून दवाखान्यापुढे उभं राहण्याआधी फोन करा. दाखला फार आधी काढून ठेवण्यातही अर्थ नाही. जुनी तारीख बघून टेबलावरचे कुरकुर करतात. निघायच्या आदल्या दिवशीचा सगळ्यात बरा.

बिल्ला पडला असेल तर घाबरू नका, नवा मारून जुन्या नंबराच्या जागी लावून घेता येतो. फक्त लसीच्या नोंदी नव्या नंबरावर आल्या का ते तपासा. नवा बिल्ला यात्रेच्या तोंडावर मारू नये. कान सुजतो, माशी बसते, आणि पंच कानाला हात लावायला गेला की खोंड उसळतो. लसीचंही तसंच. टोचलेल्या जागी गाठ राहते आणि दारावर तपासणारा ती लम्पीची समजू शकतो. 2022 मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती, तेव्हापासून गाठ दिसली की कोणी धोका पत्करत नाही.

आता खुराक. अडीचशे-तीनशे किलोच्या खोंडाला आम्ही दिवसाला दोन ते तीन किलो भरडा-पेंड दोन वेळांत विभागून देतो, वर पोटभर कडबा आणि 30 ते 50 ग्रॅम क्षार मिश्रण. भरडा वाढवायचा तर तीन-चार दिवसांनी पाव किलो, त्याहून घाई नको. एकदम धान्य वाढलं की पोटात आम्ल होतं, शेण पातळ होतं आणि पुढे खुरं दुखून जनावर लंगडतं. महिनाभरात चरबी चढवून पंचाला फसवता येतं हा गैरसमज आहे. खिलारमध्ये कातडी तटतटीत, गळ्याखालची पोळी आखूड, कपाळ अरुंद आणि मधे खोलगट, शिंगं मुळाशी जवळ येऊन मागे वळून वर गेलेली असं बघतात. लोंबणारी चरबी गुण घालवते.

शिंगं साळायची (तासून गुळगुळीत करायची) तर पंधरा-वीस दिवस आधी आणि हलक्या हाताने. जास्त खोल गेलं की आतल्या जिवंत भागाला लागतं, रक्त येतं. खुरांना पत्र्या (लोखंडी नाल) मारायच्या तर आठवडाभर आधी, म्हणजे चाल मोकळी होते.

गटाचा वाद दातांवर होतो. आदत, दोन दाती, चार दाती असे गट. दुधाचा दात पडलाय आणि पक्का अर्धाच वर आलाय, असा खोंड कुठे धरायचा यावर पंच आणि मालक हमखास भांडतात. घरून निघताना ओठ उचलून बघा, आणि शंका असली तर नोंदणीच्या टेबलावरच विचारा. रिंगणात विचाराल तर गट बदलायची वेळ गेलेली असते.

गाडीत खाली काथ्याची चटई किंवा फळ्या टाका, तोंडं इंजिनाकडे ठेवा. वाहतूक नियमांप्रमाणे एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरं नसावीत आणि सोबत माणूस हवा. परकं पाणी खोंड तोंडात घेत नाही. घरी चार दिवस पाण्यात थोडा गूळ टाकायची सवय लावा, तिथे तसाच गूळ टाकला की पितो. कडबाही घरचाच न्या. हलगीची सवय नसेल तर गावातल्या वरातीच्या वेळी लांबून, मग जवळून फिरवून आणा. मोरकीवर (तोंडाभोवतीच्या दोरीवर) चालायला शिकलेला खोंड मान वर ठेवून चौरस उभा राहतो, वेसण ओढून उभा केलेला मान वाकडी करतो.

परत आल्यावर दोन-तीन आठवडे खोंड दावणीपासून लांब बांधा, बादली वेगळी ठेवा, रोज सकाळी लाळ गळते का, अंगावर गाठ आली का ते बघा. दाखल्याची झेरॉक्सही जपून ठेवा. पुढच्या यात्रेला दाखला काढताना ती दाखवता येते, आणि निदान टॅग नंबर तरी पुन्हा पुन्हा वाचून दाखवावा लागत नाही.