बड्स गेले, आता काय घ्यावं?

सोमवार, रात्री अकरा

माझ्या ब्लूटूथ बड्सपैकी डाव्याने आज 35 मिनिटांत मान टाकली. मुद्दाम वेळ लावून बसले होते. सकाळी साडेसातला अभ्यासिकेत भूगोलाचं लेक्चर लावलं आणि मान्सूनची बंगालच्या उपसागरावरची शाखा सुरू होते न होते तोच डावीकडचा आवाज बंद. उजवा अजून दोन तास तग धरतो.

दादाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेले हे बड्स. तीन वर्षं झाली. पुण्यात कॉट बेसिसवर राहायला आले तेव्हापासून रोज कानात आहेत. त्यामुळे राग नाही येत, वाईट वाटतं.

महिन्यापूर्वी डावा हळू वाजायला लागला होता, तेव्हाच मी नवीन घ्यायच्या विचारात होते. बरं झालं, घाई केली नाही. रबराची टोपी काढून उजेडात धरलं तर बारीक जाळीवर कानातला मळ बसून पापुद्रा झालेला. जाळी खालच्या बाजूला करून कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकेच झाडलं. पाणी नाही, टाचणी नाही. टाचणीने मळ आत ढकलला जातो. दोन मिनिटांत आवाज पूर्ववत. चार्जिंगच्या डबीतल्या सोनेरी टोकांवरही काळं धरलं होतं, ते सुक्या कापडाने पुसलं, म्हणजे चार्जिंग नीट होतं. एक कान हळू ऐकू येतोय म्हणून कुणी बड्स टाकून देत असेल तर आधी एवढं करून बघावं, असं मनापासून वाटतं.

पण बॅटरीला ब्रश चालत नाही. शर्टाच्या गुंडीएवढा लिथियमचा सेल, 30-50 एमएएचचा. काही शे वेळा भरला-रिकामा झाला की त्याची ताकद ओसरतेच. दुरुस्तीवाल्या काकांनी हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं. "ताई, हे चिकटवलेलं असतंय. उघडलं तर परत बसणार नाही."

हाताशी दीड हजार आहेत. अभ्यासिकेची महिन्याची फी तेवढीच. बाबांकडे मागायचे नाहीत, सोयाबीनचे पैसे अजून त्यांच्याच हातात आलेले नाहीत.

मंगळवार

दुपारी जेवण झाल्यावर तासभर मोबाइलवर बड्स बघत बसले. दीड हजाराच्या आतले शेकड्याने आहेत आणि सगळ्यांवर तेच शब्द. वहीत एकेक शब्द लिहून त्याचा माझ्यासाठी काय अर्थ, ते शोधलं.

'40 तास प्लेबॅक'. हा आकडा डबीसकट असतो. कानात एका दमात किती तास, ते खाली बारीक अक्षरांत. मला तो दुसरा आकडा हवा.

'ईएनसी'. इथे मी तीन वर्षांपूर्वी फसले होते, म्हणून नीट लिहून ठेवते. एएनसी म्हणजे बाहेरचा गोंगाट माझ्या कानाला कमी ऐकू यावा यासाठी. ईएनसी म्हणजे माझ्या मागचा गोंगाट फोनवरच्या माणसाला कमी ऐकू जावा यासाठी. नावं इतकी सारखी की मी ईएनसी वाचून शांततेची अपेक्षा केली होती. आणि स्वस्त बड्समध्ये हे ईएनसी गोंगाटाबरोबर बोलणाऱ्याच्या शब्दांच्या कडाही खातं. आई गेली दोन-तीन वर्षं म्हणतेय, "तुझं बोलणं तुटक तुटक येतंय गं." मी गावच्या रेंजला दोष देत होते.

ब्लूटूथ 5.3 की 5.4, यावर मी वेळ घालवणार नाही. त्या आकड्याने आवाज गोड होत नाही. आवाजाचा संबंध आतल्या ड्रायव्हरशी, म्हणजे बारक्या स्पीकरशी, तो कसा जुळवलाय त्याच्याशी, आणि कानात टोपी किती घट्ट बसते त्याच्याशी. आयपीएक्स4 म्हणजे घाम आणि पावसाचे शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. ते पुरे.

बुधवार

आज बड्स शोधले नाहीत. त्याऐवजी दिवसभर मी काय ऐकते ते लिहिलं. लेक्चर: सकाळी दोन तास दहा मिनिटं, दुपारी एक तास चाळीस, रात्री सव्वा तास. सगळं एकाच खुर्चीत, फोन समोर टेबलावर. आईशी बोलणं 22 मिनिटं. मेसला जाता-येता गाणी, जेमतेम 20 मिनिटं.

म्हणजे पाच तास मी हलतसुद्धा नाही. मग वायर नसण्यासाठी पैसे कशाला मोजतेय? दीड हजाराच्या बड्समध्ये दोन बॅटऱ्या, डबीची तिसरी, ब्लूटूथची चिप, माइक, सगळं त्याच पैशांत बसवायचं असतं. वायरच्या इअरफोनमध्ये यातलं बहुतेक नसतंच. आणि दोन-तीन वर्षांनी जे मरतं, ती बॅटरीच त्यात नाही.

हे वहीत लिहिलं आणि हलकं वाटलं.

शनिवार, संध्याकाळ

सकाळचं लेक्चर बुडवून तापकीर गल्लीत गेले. सदाशिव पेठेतून चालतच. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी दर महिन्याला जाते, पण तिथून पुढे बुधवार पेठेतल्या या गल्लीत कधी शिरले नव्हते. दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, बल्ब, चार्जर, आणि मधून हातगाड्या. पहिल्या दुकानात काय हवंय तेही धड सांगता येईना. दुसऱ्यात सांगितलं: टाइप-सीचा, माइकवाला, लेक्चर ऐकायला.

माझ्या फोनला इअरफोनचं गोल भोक नाही. मला वाटायचं टाइप-सी म्हणजे टाइप-सी, कुठलाही चालेल. दुकानातल्या मुलाने पहिला दिला तो लावला, तर फोनने ओळखलाच नाही. दुसऱ्याचंही तेच. गल्ल्यावरचे काका उठून आले आणि त्यांनी उभ्या उभ्या समजावलं. काही टाइप-सी इअरफोन नुसती वायर असतात, त्यांना फोननेच तयार आवाज पुरवावा लागतो आणि सगळे फोन तसा पुरवत नाहीत. काहींच्या टोकातच बारीक चिप असते, डॅक म्हणतात तिला. ती फोनकडून आकड्यांतला आवाज घेऊन त्याचा कानाला ऐकू येणारा आवाज करते. "तुमच्या फोनला डॅकवालाच लागणार. ऑनलाइन मागवलं असतं तर परत पाठवत बसला असता." काकांना घाई नव्हती. मी आणखी चार प्रश्न विचारले, चारही त्यांनी ऐकून घेतले.

डॅकवाल्यांचे तीन लावून बघितले. गाणी नाही लावली, आमच्या राज्यशास्त्राच्या सरांचं लेक्चर लावलं, दीडपट वेगाने. सरांचा आवाज खर्जातला आणि ते भरभर बोलतात. पहिल्या जोडीत नुसता ढबढब खर्ज, 'कलम 243' आणि '343' यातला फरकही कळेना. खोक्यावर मात्र 'एक्स्ट्रा बास' मोठ्या अक्षरांत. तिसऱ्यात प्रत्येक अक्षर सुटं. तो घेतला. 650 सांगितले, 580 ला दिला, पक्क्या बिलासकट. सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून, शिक्का मारून घेतली.

शेजारच्या काउंटरवर एक काका दोनशे रुपयांचे बड्स घेत होते, नावाजलेल्या कंपनीच्या नावाचे. त्यांना मी खोक्यावरचा आर-नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, बघायला सांगितलं. ब्लूटूथ इअरफोनना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. त्यांच्या खोक्यावर नंबरच नव्हता. काकांनी खोकं खाली ठेवलं. कानाजवळ लिथियमची बॅटरी ठेवायची, तर एवढं बघायलाच हवं.

अभ्यासिकेत परतल्यावर टोप्या बदलून बघितल्या. खोक्यात तीन मापांच्या येतात आणि आजवर मी कायम आधीपासून लावलेल्या मधल्याच वापरल्या. डाव्या कानाला लहान बसते, उजव्याला मधली. दोन कान दोन मापांचे असू शकतात, हे 24 व्या वर्षी कळलं. टोपी नीट बसली आणि बाहेरच्या रिक्षांचा आवाज निम्म्याने गेला. आधी मी आवाज शेवटून दोन घरं खाली ठेवायचे, आज निम्म्यावर भागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तास ऐकायचं तर आवाज 80 डेसिबलच्या वर नको. मी आठवड्याला 35 तास ऐकते. नोकरी लागेपर्यंत आणि नंतरही हेच कान वापरायचे आहेत.

जुने बड्स टाकले नाहीत. उजवा एकटा मेसच्या वाटेवर चालतो, दुसरा कान गाड्यांसाठी मोकळा राहतो. उरलेल्या 920 मधले 500 पुढच्या महिन्याच्या फीसाठी बाजूला काढले.

शनिवार, रात्री साडेदहा

खोलीवरून आईला फोन लावला, नवीन इअरफोनवरून. ईएनसी वगैरे काही नाही, वायरवर हनुवटीजवळ लोंबणारा साधा माइक. बियाण्याचं, मामाच्या गुडघ्याचं बोलणं झालं. मग ती मधेच थांबली.

"मागं कोण हसतंय गं?"

पलीकडच्या कॉटवर दोघी रूममेट मोबाइलवर काहीतरी बघत होत्या. मी नाव सांगितलं. आई म्हणाली, "आणि पंखा वाजतोय का तुझा? कर्र कर्र करतोय. तेल घालायला सांग मालकिणीला." मग तिने रूममेटला फोनवर बोलावलं, ती कुठली, घरी कोण कोण असतं, सगळं विचारलं. एक इअरफोन माझ्या कानात, एक तिच्या. वायर तेवढी लांब आहे.