कोरेल्यांच्या मांडवाखालून

पोर्तुगालमधलं पोर्तो ते स्पेनमधलं सान्तियागो, म्हणजे संत जेम्सचं देवस्थान, साधारण २४० किलोमीटर चाललो आणि घरी येऊन फोटो बघितले तर निम्म्याहून जास्त फोटो द्राक्षाच्या मांडवाचे. बायको म्हणाली, अरे तू यात्रेला गेला होतास का बाग बघायला? आता पिंपळगावकडच्या माणसाला सप्टेंबरात द्राक्षांच्या गावातून चालत सोडलं तर दुसरं काय होणार. त्यामुळे हे सगळ्या कामिन्योचं, म्हणजे या यात्रेच्या वाटेचं, वर्णन नाहीये, फक्त एका सकाळचं आहे. बार्सेलोस ते पोंते दे लिमा हा टप्पा तेहतीस-चौतीस किलोमीटरचा आहे, माझ्याच्याने एका दिवसात झाला नसता म्हणून मधे वितोरिनोजवळ मुक्काम केला आणि उरलेले बारा-तेरा दुसऱ्या दिवशी सकाळी.

याआधी आईबरोबर एकदा निवृत्तीनाथांच्या पालखीत त्र्यंबकहून चाललोय, त्यामुळे चालण्याचं तसं काही वाटत नव्हतं, पण तिथे चालायचं असं नसतंच ना, दिंडी तुम्हाला ओढून नेते, टाळ वाजतोय, पुढे वीणा, मागे तुळस, पाय आपोआप पडतात. इथे साडेसहाला बाहेर पडलो तर समोर धुकं आणि एक पिवळा बाण, बस. बाण कुठेही काढलेला असतो, विजेच्या खांबावर, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीवर, कुंपणाच्या दगडावर. मधे मधे निळा बाण दिसतो तो उलट्या दिशेला, कारण तो दक्षिणेला फातिमाच्या तीर्थाला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि पहिल्या दिवशी मी झोपेत त्याच्याच मागे दीड किलोमीटर गेलो होतो हे इथे कबूल करून टाकतो. कोणी भेटलं की "बों कामिन्यो" म्हणायचं, आपल्या "माऊली"सारखं, पण पाया कोणी पडत नाही.

तर कोरेल्यां, पोंते दे लिमाच्या अलीकडचं. ही एक फ्रेगेझिया आहे, म्हणजे मुळात एका चर्चची हद्द, आणि आज तीच आपल्या ग्रामपंचायतीसारखी सरकारी हद्द, तिला तिचं निवडून आलेलं मंडळ, तिचं ऑफिस. घरं एका जागी गावठाणात नाहीत, वस्तीवर असल्यासारखी विखुरलेली, प्रत्येकाच्या घराला लागून थोडं थोडं रान. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घराच्या अंगणावर, विहिरीवर, काही ठिकाणी तर थेट रस्त्यावरच, मांडव.

मी थांबलोच. आपल्याकडे मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारा, इथे खांब दगडाचे, अखंड ग्रॅनाइटचे, माणसापेक्षा उंच, अंगावर शेवाळ आणि वरच्या अर्ध्या भागावर निळसर-हिरवे ओघळ. ते ओघळ बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं कारण तो मोरचुदाचा रंग, बोर्डोचा, म्हणजे बुरशीसाठी द्राक्षावर मारतात त्या औषधाचा, आमच्या पंपावर, बादलीवर, अण्णांच्या जुन्या शर्टवर तोच रंग आहे. याला ते रमादा म्हणतात. मांडव एवढा उंच कशाला, तर जमीन थोडी, माणसं जास्त, म्हणून द्राक्ष वर आणि खाली मका, घेवडा, बटाटा, कोबी. त्याहून जुनी पद्धत म्हणजे वेल सरळ झाडावर चढवायचा, ओक नाहीतर चेस्टनट, आणि लांब शिडी लावून घड काढायचे. त्याला शब्द आहे एनफोर्कादो, म्हणजे फाशी दिलेला. असा एकच वेल मला दिसला, ओढ्याकाठी, त्याचे घड बहुतेक पक्ष्यांनीच संपवले होते. नवीन बागा मात्र सगळ्या बुटक्या, तारेवरच्या, ट्रॅक्टर जाईल अशा. मजुराचा प्रॉब्लेम तिथेही आहे, शिडीवर चढायला आता कोण येणार.

एका मांडवाखाली एक म्हातारे आजोबा शिडीवर उभे राहून घड काढत होते आणि खाली त्यांच्या घरच्या दोन बायका क्रेट भरत होत्या. मी नुसता बघत उभा, पाठीवर सॅक, तर आजोबांना वाटलं मी रस्ता चुकलो, त्यांनी शिडीवरूनच हात करून बाण दाखवला. मी द्राक्षाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग पूर्वेकडे कुठेतरी. माझी पोर्तुगीज म्हणजे कॉफी मागण्याइतकी. त्यांनी एक घड काढून दिला. बारीक मणी, बिया, हिरवट पिवळा, गोड पण मागून झणझणीत आंबट, वासाला फुलासारखा. लोरैरो, ते म्हणाले. लिमा नदीच्या या पट्ट्यातली ही खास जात, विन्यो वेर्दे नावाच्या इथल्या वाइनची. वेर्दे म्हणजे हिरवा हे खरं पण वाइन हिरवी नसते, कोवळी, लवकर प्यायची म्हणून हिरवी. या वाइनच्या प्रदेशाची हद्द १९०८ साली कायद्याने आखली गेली.

मग मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळचे नऊ, म्हणजे आपल्याकडे दुपारचे दीड, अण्णा जेवून पडवीत पडलेले. "काय करू राहिला रे?" म्हटलं बाग बघू राहिलो, बघा. आणि कॅमेरा वर मांडवाकडे फिरवला.

अण्णा उठून बसले. "जवळ घे. पान दाखव. आता उलटं कर." मी पान उलटं केलं. "डावणी आहे ती. बोर्डो मारला नाही का त्याने?" म्हटलं मारलाय, खांब बघा की. "मग उशिरा मारला. पाऊस झाला असंल मधे." आता हे आजोबांना कसं सांगायचं, तर मी नुसतं पानाखालच्या पांढऱ्या बुरशीकडे बोट दाखवलं आणि आजोबा शिडीवरून उतरून फोनपाशी आले, "मिल्दियो" म्हणाले आणि बोटं नाचवत हात वरून खाली आणला, म्हणजे पाऊस, पाऊस. अण्णा तिकडून "हां, तेच तर." दोघं एकमेकांकडे बघून माना हलवू लागले आणि मी मधे फोन धरून उभा. तिथे काढणी चालू आणि अण्णांची छाटणी दहा दिवसांवर, तिथले लोक वर्षात एकदा छाटतात, हिवाळ्यात, आपण दोनदा. हे अण्णांना पटलंच नाही. एकदाच? मग एप्रिलला काय झोपा काढतात?

आजोबांनी मग खालचं रान दाखवलं. "बताता," ते म्हणाले. मी म्हटलं बटाटा. ते हसले. मग कमरेइतक्या दांड्यावर वर पानं फुटलेली ती भाजी, खालची पानं तोडत जातात आणि झाड पपईसारखं वर वाढत जातं, "कोव". म्हटलं कोबी. आजोबा फोनमधे अण्णांना ओरडून "बताता! कोव!" आणि अण्णा इकडून "हां हां, बटाटा, कोबी!" पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले हे शब्द, पाव, चावी, पगार यांच्याबरोबर, असे परत त्यांच्या बांधावर उभे राहून ऐकायला मिळाले. बायकांपैकी एकीने मला मक्याच्या भाकरीसारखा जाड ब्रेड दिला, ब्रोआ. आपल्या भाकरीपेक्षा फार घट्ट, दाताला काम.

मका त्यांच्याकडे एश्पिगैरोमधे ठेवतात, म्हणजे खांबांवर उभं केलेलं दगडी-लाकडी कोठार, उंदीर चढू नये म्हणून खांबावर चपटा दगड, छपरावर पुष्कळदा क्रॉस, लांबून मला ती समाधीच वाटली होती. आणि मक्याची कणसं सोलायला पूर्वी सगळी वस्ती रात्री जमायची, गाणी, वाइन, आणि ज्याला लाल दाण्याचं कणीस सापडेल त्याने सगळ्यांना मिठी मारायची किंवा पापा घ्यायचा. हुरडा पार्टीत असं काही काढलं तर आमच्याकडे मारामाऱ्या होतील.

वाटेत भिंतीत बसवलेले छोटे दगडी कोनाडे लागतात, आत ज्वाळांत हात जोडून उभे असलेले जीव रंगवलेले. हे आल्मिन्यास, मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्याने एक प्रार्थना म्हणून पुढे जायचं. एकापुढे प्लास्टिकची फुलं आणि विझलेली मेणबत्ती होती. मी आपला हात जोडून, जे येतं ते, "पुंडलिक वरदा" मनात म्हणून घेतलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ९१५ साली लिऑनचा राजा दुसरा ओर्दोन्यो याने हे कोरेल्यां, तेव्हाचं विला कोर्नेलियाना, सान्तियागोच्या देवस्थानाला देऊन टाकलं. म्हणजे देवस्थान इनाम! पोर्तुगाल नावाचा देश व्हायच्याही आधी या रानाचा सातबारा, म्हणायचं तर, ज्या संताकडे मी चाललो होतो त्याच्या नावावर होता. हे वाचल्यावर मला तो सगळा रस्ता वेगळाच दिसायला लागला, दोन आठवडे चालून आपण देवाकडे जातो आणि देवाची शेती तर इथेच, मधेच. अण्णांना हे सांगितलं तर त्यांचा प्रश्न, "मग कसणाऱ्याच्या नावावर कधी झाली?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

साडेअकराला नदी दिसली. लिमा. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन सैन्य इथे आलं तेव्हा, असं सांगतात, सैनिक पाणी ओलांडेनात, त्यांना वाटलं ही लेथे, विस्मरणाची नदी, पार केली की घरदार सगळं विसरायला होणार. मग सेनापती देसिमस ब्रूटस एकटा पलीकडे गेला आणि तिकडून एकेका सैनिकाला नावाने हाक मारली. अलीकडच्या काठावर आज सैनिकांचे पुतळे रांगेत उभे आहेत आणि पलीकडे घोड्यावर तो. मधे लांबच लांब दगडी पूल, थोडा रोमन, बराचसा मध्ययुगीन. या गावाला सनद दोना तेरेझाने, पोर्तुगालच्या पहिल्या राजाच्या आईने, ११२५ साली दिली, तिच्यातही बाजाराचा उल्लेख आहे आणि नदीच्या वाळूत बाजार आजही भरतो, सोमवारी, एक सोडून एक. इथली मोठी जत्रा, फैरास नोव्हास, १८२६ पासूनची, ती माझ्या आधीच होऊन गेली होती, दिव्यांच्या कमानी तेवढ्या उतरवायच्या राहिलेल्या. जत्रा हुकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दुपारी एका खानावळीत सूप घेतलं, कोबीच्याच त्या पानांचं, सॉसेजची चकती बाजूला काढून. शेजारच्या टेबलावरचा माणूस पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून काळी-जांभळी वाइन पीत होता, चहासारखी दोन्ही हातांनी. विन्यांव द्राक्ष, याचा गरसुद्धा लाल असतो, वाडग्याच्या कडेला रंग चढून बसतो आणि तोच बघायचा असतो म्हणून वाडगं पांढरं. मी अर्धं वाडगं घेतलं. जीभ खरखरीत झाली, जांभळं खाल्ल्यासारखी. अण्णांनी तीस वर्षं द्राक्ष काढलं, वाइनचा थेंब चाखलेला नाही, गळ्यात माळ आहे त्यांच्या, म्हणून हा फोटो त्यांना पाठवला नाही.

पूल ओलांडून आल्बेर्गमधे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, बूट काढत होतो तेवढ्यात त्यांचाच व्हॉइस मेसेज आला. दगडी खांब एक नग कितीला पडतो ते त्या बाबाला विचारायचं राहिलं, उद्या त्याच रस्त्याने परत येणार असशील तर विचार. म्हटलं अण्णा, वारी पुढे जाते. त्यावर त्यांनी नुसता अंगठा पाठवला आणि दहा मिनिटांनी परत, "फोन नंबर तरी घ्यायचा."