एबीवाल्यांना प्लाझ्मा कोणाचाही चालत नाही

बाबांचा रक्तगट एबी आणि लिव्हरचं दुखणं जुनं. परवा नाकातून रक्त थांबेना, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) वाढलेला. डॉक्टरांनी चार बॅग एफएफपी, म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग), आणायला सांगितला. रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हर बनवतं. ते कमी पडले की बाहेरून द्यायचे.

मामा फोनवर म्हणाले, "एबी ना? मग कोणाचंही चालतं." लाल पेशींपुरतं खरं आहे. प्लाझ्माचं बरोब्बर उलटं! एबीचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो, कारण त्यात ए आणि बीविरुद्धच्या अँटीबॉडी नसतात. पण एबी पेशंटला शक्यतो एबीचाच द्यावा लागतो, आणि हा गट कमी लोकांचा. ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर रक्तपेढ्यांचा साठा बघून आधी फोन करा.

एका रक्तपेढीत साठा होता. मग खिडकी. तिथल्या गृहस्थांनी फॉर्म परत दिला: वजन नाही, आयएनआर नाही. वजन लागतंच, किलोमागे दहा-पंधरा मिली असा हिशेब असतो. फोटो पाठवून चालणार नाही, सही-शिक्क्याचा मूळ कागदच हवा. भर संध्याकाळी कर्वे रस्त्याच्या ट्रॅफिकमधून परत हॉस्पिटल, परत पेढी. तोवर ड्यूटी बदललेली. नव्या बाईंनी सॅम्पलची ट्यूब उचलली: फॉर्मवर 'दत्तात्रय', ट्यूबवर 'दत्ता'. नवीन सॅम्पल आणा! नियम योग्यच आहे, नावाच्या घोळात चुकीच्या गटाचं रक्त जाऊन माणूस दगावू शकतो. पण ट्यूब पहिल्यापासून समोर होती ना? दोन्ही त्रुटी एकदम सांगायला काय जात होतं? शिवाय बदली रक्तदाता, म्हणजे बॅगेच्या बदल्यात रक्त देणारा आपला माणूस, आणा म्हणून घोळ. राष्ट्रीय धोरणात तशी सक्ती बसत नाही, हे मी शांतपणे सांगितलं. बहुधा फार शांतपणे नसेल.

पुढचं पटकन झालं. 37 अंशांच्या पाण्यात बॅगा वितळायला अर्धा तास लागतो. हो, वितळवायला सांगण्याआधी वॉर्डात फोन करून सिस्टर तयार आहेत ना ते विचारा. एकदा वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवता येत नाही.

पिवळसर बॅग लागली आणि मी पहिल्यांदा चहा घेतला. रात्री उशिरा नाकाचं रक्त थांबलं. पावती ठेवा, विम्याला लागते. आणि ट्यूबवरचं नाव वॉर्डातून निघतानाच वाचा, अक्षर न् अक्षर.