सावित्रीच्या सोबतीने तीन दिवस: महाबळेश्वरच्या कड्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या नद्या एकाच गोमुखातून कुंडात उतरतात अशी श्रद्धा आहे. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी तिथे प्रकट होते, असेही मानले जाते. वेण्णा आणि कोयना पुढे कृष्णेला मिळतात आणि कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री मात्र सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून थेट कोकणात कोसळते आणि अवघ्या शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. तिच्या या लहानशा वाटेवर महाराष्ट्राच्या इतिहासाचा केवढा तरी भाग घडला आहे. तो वाचून माहीत होता, पण नदीच्या उताराने चालत गेल्यावाचून त्याची संगती लागणार नाही असे वाटत असल्याने जानेवारीत आम्ही तिघे तीन दिवसांसाठी निघालो.

सुरुवात आर्थर सीटपासून करावी, आणि तीही सकाळी लवकर, कारण ऊन चढले की दरीत धुरकट थर साचतो आणि तळ दिसेनासा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७० मीटर उंचीच्या या टोकावर उभे राहिले की एका बाजूला जोर गावाकडचे कृष्णेचे खोरे आणि दुसऱ्या बाजूला सावित्रीची खोल, अंधारी दरी एकाच वेळी दिसते. जोरकडचा उतार झाडीने भरलेला आणि त्या मानाने सौम्य आहे. सावित्रीकडची बाजू म्हणजे बेसॉल्टचे एकावर एक रचलेले उभे थर. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा याच भिंतीला धडकतो, त्यामुळे पाण्याची झीज इकडे अधिक वेगाने होते आणि कडा सावकाश पूर्वेकडे मागे सरकत राहतो. आर्थर मॅलेट या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव या जागेला मिळाले. त्याची पत्नी आणि मूल बाणकोटजवळ याच सावित्रीत बुडाले आणि तो इथे बसून त्या नदीकडे पाहत राही, अशी हकिकत सांगितली जाते. तिसऱ्या दिवशी बाणकोटच्या खाडीवर उभे असताना मला तिची पुन्हा आठवण झाली.

तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावे. वाटेत प्रतापगडाचा फाटा लागतो. गड पाहायचा असेल तर अर्धा दिवस वेगळा ठेवावा, घाईने पाहण्याची ती जागा नव्हे. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी मोऱ्यांकडून घेतली आणि त्याच वर्षी रायरी, म्हणजे आजचा रायगडही घेतला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. या घटना निरनिराळ्या पाठांतून शिकलेल्या असतात. घाट उतरताना मात्र ध्यानात येते की घाटमाथ्यावरून कोकणातल्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर ताबा कोणाचा, हाच प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशी होता. घाट वळणावळणाचा आणि अरुंद असल्याने तो दिवसाउजेडीच उतरावा. पावसाळ्यात इथे आणि भोरकडून महाडला येणाऱ्या वरंधा घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.

पोलादपूरपाशी नदीने हजार मीटरहून अधिक उंची सोडलेली असते आणि पात्र एकदम पसरते. मोठमोठे गोटे, त्यांतून वाहणारे नितळ पाणी आणि दोन्ही काठांना भातखाचरे असे तिचे तिथले रूप आहे. त्यापुढे मुंबई-गोवा महामार्ग नदीच्या सोबतीनेच महाडला जातो.

महाडला मी पूर्ण दिवस दिला आणि पुन्हा गेलो तर दोन देईन. हे गाव इथेच का वसले, ते नकाशा समोर ठेवला की कळते. वरून डोंगराचे पाणी येते आणि खालून समुद्राची भरती खाडीतून याच परिसरापर्यंत चढते, त्यामुळे पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत आणि इथला माल घाटांनी देशावर जाई. शहराला लागून असलेली गांधारपाले लेणी याच व्यापाराची साक्ष देतात. गांधारी आणि सावित्री यांच्या संगमाकडे पाहणाऱ्या डोंगरात जवळपास तीस बौद्ध लेणी आहेत आणि तिथल्या एका शिलालेखात कुमार, म्हणजे राजपुत्र, काणभोअ विष्णुपालित याचे नाव येते. पायऱ्या चढून गेल्यावर चैत्याच्या ओसरीतून महाड, नदी आणि महामार्ग एका नजरेत दिसतात. सकाळी जावे, पाणी सोबत न्यावे आणि पावसाळ्यात गेल्यास शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून पाय टाकावा.

समुद्राकडची ही वाट उत्तर पेशवाईतही उपयोगी पडली. १७९६ मध्ये पुण्याच्या राजकारणातून बाजूला झालेले नाना फडणवीस महाडला येऊन राहिले आणि निजामाशी झालेला तह महाडचा तह म्हणूनच ओळखला जातो. १८०२ मध्ये होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीरावही पुणे सोडून महाडला उतरला आणि तिथून समुद्रमार्गे वसईला पोहोचला. वसईच्या तहाची कथा आपण वसईपासून सुरू करतो, पण तिची वाट या खाडीतून गेलेली आहे.

चवदार तळ्यावर मात्र नुसते पाहून परतू नये, थोडा वेळ काठावर बसावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांसाठी खुले असल्याचे जाहीर केले, तरी त्यांना तिथले पाणी घेऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ज्या गावाला दोन नद्यांचा वेढा आहे त्या गावात माणसांना घोटभर पाण्यासाठी एवढे लढावे लागले, हे तिथे बसल्यावर फार जड वाटते. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी देशभरातून लोक येतात, तेव्हा मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी.

डोंगर आणि भरती यांच्या मध्ये वसल्याची किंमतही महाडने मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या नदीत गेल्या. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये खुला झाला. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसांत महाड पाण्याखाली गेले आणि तालुक्यातली तळिये ही वस्ती दरडीखाली गाडली गेली. म्हणून इथल्या पुराचा अंदाज महाडच्या आभाळावरून बांधू नये. महाबळेश्वरचा पाऊस आणि भरतीची वेळ या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. कोरड्या दिवसांतही पात्रात उतरू नये, कारण महाड परिसरात नदीत मगरींचा वावर आहे. आम्हाला त्या नव्या पुलाच्या कठड्यापासून काठावर ऊन खाताना दिसल्या, आणि त्या तेवढ्या अंतरावरूनच पाहाव्यात.

महाडच्या खाली नदीची खाडी होते आणि पुढे तीच रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांची सीमा बनते. मुखाजवळ दक्षिण काठावर बाणकोटचा जांभ्या दगडाचा किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात तो इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. त्याच बाजूला वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात आणि पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम गावकरी करतात, ते पाहायचे असल्यास फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा.

वेसवी ते बागमांडला अशी गाड्या वाहून नेणारी जंगलजेटी खाडी ओलांडते. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी आणि रोख पैसे जवळ असावेत. आमची एक फेरी हुकली आणि हरिहरेश्वरला पोहोचेपर्यंत भरती सुरू झाली होती. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राच्या खडकांवरून जातो आणि तो केवळ ओहोटीतच सुरक्षित असतो, म्हणून आम्ही त्या संध्याकाळी वरूनच पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीला खाली उतरलो.