तुम्ही विचारलंत म्हणून: जोडीतल्या ताऱ्यांचं मी का शिकवते

मुलांना शिकवणीला सोडायला आलेले पालक जिन्यातच गाठतात. "मॅडम, पेपरात येत नाही ते जोडताऱ्यांचं कशाला शिकवता?" एकदाच नीट उत्तर देते.

जोडतारे म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. शिकवते, कारण सूर्याच्या पंधरापट आणि त्याहून जड तारे बहुतेक एकटे नसतातच. 2012 साली सहा तारकागुच्छांतल्या ओ वर्गाच्या, म्हणजे अशाच जड आणि अतितप्त, 71 ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा ताऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त तारे कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव करतात, काही तर एकमेकांत विलीनच होतात. जड तारा इंधन लवकर संपवतो, फुगतो, आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या हद्दीबाहेर गेलेला वायू शेजाऱ्याकडे वाहू लागतो. हलका होता तो जड होतो. हे वगळून काय शिकवू?

आता राजेंद्र नगरातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं. फेब्रुवारीत आमच्या गच्चीवरून तिला गॅमा वेलोरम नावाचा तारा दाखवला होता, दक्षिणेला अगस्त्याच्या डावीकडे, जरा वर. तिथे 78.5 दिवसांत एक फेरी मारणारी जोडी आहे. त्यातला हायड्रोजनचं आवरण गमावलेला तारा आज सूर्याच्या साधारण नऊपट जड, जोडीदार अठ्ठावीसपट. तरी पुढच्या अवस्थेला पोचलाय तो हलकाच. "म्हणजे आधी हाच जड होता!" ती स्वतःहून म्हणाली.

पुढे एका विज्ञान स्पर्धेत प्रश्न आला, ताऱ्याचा शेवट कशावर ठरतो? तिनं लिहिलं, "वस्तुमानावर. पण जोडीदार जवळ असेल तर ते आयुष्यभर तेवढंच राहत नाही." दुसऱ्या वाक्यावर लाल रेघ, पूर्ण उत्तराला शून्य. पुढची फेरी तेवढ्यानं हुकली. तिची आई पेपर घेऊन आली, आत या म्हटलं तरी आली नाही. "तुमच्यामुळे गेलं हो तिचं." मुलगी मागे जिन्यात उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. नंतर ती शिकवणीला आली नाही.

सुरुवातीला मीही म्हणायचे, आधी एकट्या ताऱ्याचं पक्कं होऊ दे, जोडीचं मग. तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी, आणि तिचं सगळंच खोटं नाही. पण दहावी झाली की मुलं जातात, ते 'मग' येतच नाही. आईचा राग मला कळतो. पोरीचं उत्तर मात्र बरोबर होतं, आणि पुढच्या बॅचला मी तेच शिकवणार आहे.